शनिवारची बैठक क्रेडिटला बांधू नका

आमच्या बेळगाव भागातल्या एका विद्यापीठात शनिवारी दुपारी एक बैठक भरते. विषय तत्त्वज्ञान आणि कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे माणूस विचार कसा करतो, त्याला आठवतं कसं, दिसतं कसं याचं शास्त्र. कुणीही जाऊन बसावं. विद्यार्थी असतात, दोन-तीन प्राध्यापक असतात, वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात, आणि माझ्यासारखी हायस्कूलला विज्ञान शिकवणारी बाई असते. आता या बैठकीचा रीतसर कोर्स करायचं घाटतंय. हजेरी, क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही माझा विरोध आहे, आणि तो का, हे जरा सविस्तर लिहिते.

मध्यंतरी टेबलावर चार कार्डं मांडली होती: अ, क, ४, ७. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला गेलाय की नाही हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील? पुढे वाचायच्या आधी तुम्हीही मनाशी ठरवा.

बहुतेक जण 'अ' आणि '४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ' आणि '७'. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे कोडं मांडलं, आणि तेव्हापासून चांगली शिकलेली माणसंही त्यात अडकत आली आहेत. एकेकट्याने सोडवायला दिलं तर दहात एखाद्यालाच ते जमतं.

आमच्याकडेही तेच झालं. मग कोपऱ्यात बसलेली एम. कॉम.ची एक मुलगी म्हणाली, "सर, हेच बसमध्ये घालून बघा की." ही मुलगी शहरात मावशीकडे राहते, पण आधार कार्डावरचा पत्ता महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे, राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट. पण पत्ता कर्नाटकातला लागतो. म्हणून शेजारी बसलेल्या मैत्रिणीला झिरो तिकीट मिळतं आणि हिला रोज पैसे मोजावे लागतात. तिने चार चिठ्ठ्या लिहिल्या: झिरो तिकीट, पैशाचं तिकीट, बेळगावचा पत्ता, चंदगडचा पत्ता. चार चिठ्ठ्या म्हणजे बसमधल्या चार बायका, एका बाजूला तिकीट, मागे पत्ता. चेकिंगला आलेल्या माणसाने कोणाकोणाला विचारायचं?

सगळ्यांनी एका दमात सांगितलं. झिरो तिकीटवालीचा पत्ता बघायचा आणि चंदगडवालीचं तिकीट बघायचं. बाकीच्या दोघींना त्रास द्यायचं कारणच नाही. कोडं तेच, तर्क तोच, आणि मघाशी अडकलेली माणसं आता क्षणभरही अडखळली नाहीत.

हा फरक संशोधनातही दिसलेला आहे. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना बिअर पिण्याच्या वयाचा नियम देऊन हेच कोडं घातलं, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश बरोबर आले. पण असं का होतं, यावर आमच्यात जी जुंपली ती ऐकण्यासारखी होती. एक प्राध्यापक म्हणाले, ओळखीची गोष्ट असली की डोकं चालतं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, नुसत्या ओळखीने भागत नाही, इथे परवानगीचा प्रश्न आहे, कोण लबाडी करतंय ते शोधायचं आहे. लीडा कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये हीच बाजू मांडली होती, की लबाडी ओळखण्याची खास सोय माणसाच्या मनात घडलेली असावी. वाद अजून मिटलेला नाही. मग प्रश्न सरळ तत्त्वज्ञानात शिरला: तर्क म्हणून एकच एक शक्ती आपल्यात आहे की नाही? निवृत्त गृहस्थ म्हणाले, नसेल तर आम्ही शाळेत भूमितीचे सिद्धांत कशासाठी घोकले? त्यावर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासासाठी मी जाते.

आता माझा मुद्दा. मॉशमन आणि गाइल यांनी १९९८ मध्ये हेच कार्डांचं कोडं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन तऱ्हांनी दिलं. एकेकट्याने सोडवणाऱ्यांत ९ टक्के बरोबर आले. गटाने बसून वाद घालत सोडवलं तेव्हा ७५ टक्के गट बरोबर उत्तरापर्यंत पोचले. यातून मी घेते ते हे, की माणूस चांगला विचार करतो तो समोर कुणीतरी "नाही, पटत नाही" म्हणणारं असलं की. आणि तसं म्हणायला धीर लागतो. आधी '४' म्हटलेल्या माणसाने दहा मिनिटांनी "नाही, सातच" असं सगळ्यांदेखत म्हणायचं असतं. समोरचा माणूस आपले मार्क ठरवणार असेल तर ते कोण म्हणेल? मी बावीस-तेवीस वर्षांची असते तर म्हटलं नसतं. आधी सरांचा कल कुठे आहे ते बघितलं असतं. आमच्या वर्गांमध्ये पोरं रोज हेच करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. बैठकीत माणसं मराठीत सुरू करतात, कन्नडमध्ये शिरतात, अडलं की इंग्रजीचा आधार घेतात. कुणी थांबवत नाही. परीक्षा आली की माध्यम आलं, आणि माध्यम इंग्रजीच असणार. अल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की रुळावरच्या पाच जणांना भरधाव गाडीपासून वाचवायला एकाला पुलावरून तिच्यापुढे ढकलायचं का, हा प्रश्न परक्या भाषेत विचारला तर 'ढकला' म्हणणारे वाढतात. बरं-वाईट ठरवतानासुद्धा भाषा मध्ये येते. मग आमच्या मुलांनी अशा प्रश्नांवर फक्त तिसऱ्या भाषेत बोलावं, हे मला मान्य नाही. इथे भाषेवरून किती वर्षं काय काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. तरी त्या खोलीत मराठी आणि कन्नड पोरं एकाच प्रश्नावर भांडतात, आणि भांडण भाषेचं नसतं. हे सहज घडणारं नाही. जे घडलंय ते मोडू नये.

तत्त्वज्ञान म्हणजे आपल्याकडे बाहेरून आणलेली चैन, असंही कुणी समजू नये. बेळगावातच हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. जमखंडीत जन्मलेले हे गुरुदेव, म्हणजे रा. द. रानडे, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले, उपनिषदांवर त्यांनी लिहिलं, आणि मराठी संतांइतक्याच आदराने कन्नड संतांवरही लिहिलं. या मातीला हे नवीन नाही.

क्रेडिटच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला खरंच महत्त्वाचं वाटतं. खानापूरच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मुलीला शनिवारी घरी सांगावं लागतं, की कॉलेज सुटल्यावर थांबायचंय. "तिथे मिळतं काय?" असं वडील विचारतात, आणि तिच्याकडे दाखवायला कागद नसतो. हा अडसर खरा आहे, आणि तो मुलांपेक्षा मुलींना जास्त आहे. पण त्यावर परीक्षा हा इलाज नाही. विभागाने घरच्यांच्या नावाने एक साधं पत्र द्यावं: बैठक अमुक ते अमुक वेळात असते, अमुक प्राध्यापिका हजर असतात. बैठक दोनला सुरू करून वेळेत संपवावी, म्हणजे लांबच्या मुलींना उजेडात घरी पोचता येईल. ज्याला हवंय त्याला वर्षाच्या शेवटी 'येत होता' एवढं लिहून द्यावं, मार्कांशिवाय.

या महिन्यात विभागाची बैठक आहे, तिथे हे ठरणार आहे. आम्ही काही जण मिळून निवेदन देतोय. तुमच्यापैकी जे एकदा तरी येऊन बसलेत त्यांनी दोन ओळी लिहून पाठवा, मराठीत, कन्नडमध्ये, कशातही. ज्यांचा कोर्सला पाठिंबा आहे त्यांनीही लिहा, तेही आम्ही जोडू.