गर्दी आली म्हणून शहराचा मध्यभाग बिघडला?

विकसनशील देशांतल्या शहरांबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो: खेड्यांतून लोंढे आले आणि त्यांनी शहराचा मध्यभाग बकाल केला, आता फेरीवाले हटवा, उड्डाणपूल बांधा, जमलं तर राजधानीच हलवा. ऐकायला सोपं आहे, म्हणून पटतं.

आधी लोंढ्यांचं बघू. १९७० ते २००० या काळात मेक्सिको सिटी चहूबाजूंनी फुगली, पण मधल्या चार विभागांची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून १७ लाखांच्या आसपास आली. माणसं तिथून गेली! मग इमारती का खचल्या? १९४२ मध्ये सरकारने गोठवलेली, म्हणजे वाढवायला मनाई केलेली घरभाडी पुढे अनेक दशकं तशीच राहिली, हे एक मोठं कारण. भाड्यातून गिलाव्याचा खर्च निघेना, तेव्हा मालकांनी डागडुजी सोडून दिली. त्यात १९८५ चा भूकंप. कैरोच्या जुन्या भागातही गोठलेल्या भाड्यांनी असंच केलं. तळमजल्यावर झगझगीत दुकान, वर खोक्यांचं गोदाम नाहीतर कुलूप. दिवसा पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री वरच्या खिडक्यांत दिवा नसतो. (भाडेकरूला संरक्षण हवंच, पण दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं.)

फेरीवाले तर वर्दळीच्या मागे येतात. पोलिसांनी उठवले की गाडी पुढे गेल्यावर पुन्हा पथारी पसरतात. इक्वाडोरची राजधानी किटो हिने २००३ मध्ये जुन्या शहरातले हजारो विक्रेते बाजारसंकुलांत नेले, पण त्याआधी त्यांच्या संघटनांशी दीर्घकाळ वाटाघाटी केल्या. 'हटवा' म्हणणारे हा भाग गाळतात.

उड्डाणपुलाचं उत्तर साओ पाउलोत मिळतं. १९७१ मध्ये मध्यभागातून उन्नत रस्ता काढला, तो घरांच्या खिडक्यांपासून अवघ्या काही मीटरांवर. आवाजाने लोक इतके हैराण झाले की १९७६ पासून तो रात्री बंद ठेवावा लागला. गाड्यांची सोय झाली, पण आजूबाजूच्या घरांचे भाव पडले.

राहिली राजधानी. इजिप्तने कैरोच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर नवी राजधानी २०१५ मध्ये जाहीर केली, पुढे मंत्रालयंही तिकडे गेली. कचेऱ्या गेल्या की आसपासच्या खानावळींचं आणि छायाप्रतीच्या दुकानांचं गिऱ्हाईक जातं. तुंबलेली गटारं आणि कुजलेले जिने मात्र जागच्या जागी राहतात, आणि ते दुरुस्त करायला लागणारा पैसा ४५ किलोमीटर पलीकडे खर्च होतो.