परवानगी काढून घेताना

चतुर्थीला डिचोलीच्या घरी गेलं की माटोळी बांधा म्हणा, नारळ सोला म्हणा, मी काहीही करतो. धास्ती असते ती जेवणानंतरची. मामा ओसरीवर पान लावत विचारतात, "तुझं नेमकं काम तरी काय रे?" मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये मेमरी पेजेसच्या संरक्षणाचा कोड लिहितो. हे वाक्य कुठल्याच ओसरीवर उभं राहत नाही.

यंदा म्हटलं, सगळं सांगूनच टाकू. कर्नेल म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांवर हुकूम चालवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरीचे ४,०९६ बाइटांचे तुकडे, म्हणजे पेजेस. प्रत्येकाच्या नोंदीत काही बिट, म्हणजे हो-नाहीच्या खुणा: इथे लिहिता येतं का, साध्या प्रोग्रामला शिवता येतं का, इथला कोड चालवता येतो का. मनाई मोडली की पेज फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची हरकत, आणि बहुधा त्या प्रोग्रामचा तिथेच निकाल.

"मग कठीण काय त्यात?"

कठीण आहे दिलेली परवानगी काढून घेणं. प्रोसेसर दर वेळी मूळ नोंद बघत बसत नाही; वेळ वाचवायला आधी पाहिलेल्या नोंदी टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात जपून ठेवतो, आणि एकाच प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे अनेक कोअर, प्रत्येकाचा टीएलबी वेगळा. आजीने शेजारच्या काकींना कधी काळी "अबोली हवी तेवढी काढ गो" म्हटलं होतं. आईने ते बंद केलं, काकींनी ऐकलंही. पण सुनांना कोणी सांगितलंच नाही. त्या अजून पहाटे परडी घेऊन आमच्या गडग्याच्या आत!

"मग एकेकीला फोन करायचा," मामा म्हणाले.

मी चाटच पडलो. एक्स-८६वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांवर, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सहसा हेच करतं: बाकीच्या कोअरना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायचा इशारा, पाठवतं आणि सगळ्यांनी जुनी नोंद पुसेपर्यंत ताटकळत राहतं.

"आणि तुझ्या त्या कर्नेलला स्वतःला मनाई नाही?"

हे इंटेललाही उशिराच सुचलं. १९८५च्या त्यांच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये कर्नेल लिहायची मनाई असलेल्या पेजवर खुशाल लिहू शकत असे. त्याला आवरणारा डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) बिट १९८९च्या ८०४८६मध्ये आला.

"चार वर्षं मालक मोकाट!" मामांनी मांडीवर थाप मारली.

एवढ्यात मावशी आली. "मेमरीचंच काम ना तुझं? मग माझ्या मोबाइलची मेमरी फुल्ल झालीय, ती बघ." संध्याकाळच्या आरतीपर्यंत मी तिला एकाच गणपतीचे एकसारखे फोटो दाखवत होतो, आणि प्रत्येकाला ती म्हणत होती, "हा असू दे रे."