जलद बस नको असेल तर थांब्यावर गाडी लावा

नाशिककरांनो, शहरात चांगली जलद बस यावी अशी तुमची फार दिवसांची इच्छा आहे, हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दाढी करता करता सलूनमध्ये, सगळीकडे हाच विषय. पुण्यात मेट्रो आली, नागपुरात आली, आपल्याकडे काय आहे हो? ही तळमळ मला मोडायची नाही. उलट ती अशीच पिढ्यानपिढ्या टिकावी, आपल्या नातवंडांनाही तळमळायला काही शिल्लक राहावं, म्हणून थोड्या सूचना करते. बऱ्याचशा तुम्ही आधीपासून पाळताच. तरी उजळणी केलेली बरी. सिंहस्थ तोंडावर आलाय, पाहुणे येतील.

पहिली गोष्ट, मागायचं तर आभाळातलं मागा. जमिनीवर धावेल असं काहीही मागू नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा आकडा वाचला गेला तेव्हा आपण कसे पेढे वाटले होते! निओ मेट्रो. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका. तेव्हापासून किती वर्षं उलटली ते तुम्हीच मोजा आणि या मार्गावरचा एक खांब मला दाखवा. पण गंमत वेगळीच आहे. निओ म्हणजे काय होतं? रबरी टायर, स्टिअरिंग, वर विजेची तार, दोन-तीन डबे जोडलेले. म्हणजे बस! चांगली लांबलचक, विजेवरची बस. फक्त तिला खांबांवर चढवायची होती. का? तर खाली जागा नाही. खाली जागा का नाही, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. तो विचारला की आपल्याच दारात लावलेल्या गाडीपर्यंत येऊन पोचतो.

दुसरं, परदेशाचं कौतुक करा, पण अर्धंच करा. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९७४ साली बसला स्वतःची वेगळी मार्गिका दिली. पुढे तिथं तिकीट बसमध्ये चढण्याआधी थांब्यावरच काढायची सोय झाली. थांब्याचा ओटा बसच्या तळाइतका उंच केला, म्हणजे पायरी चढायला नको, की कंडक्टरसमोर सुट्ट्यांचा जप नको. दारं उघडली, माणसं आत, दारं बंद. कोलंबियातल्या बोगोटानं २००० साली हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. यातलं काचेचं स्टेशन, लाल बस, सरकते दरवाजे एवढ्याचेच फोटो फॉरवर्ड करायचे. वेगळ्या मार्गिकेचा फोटो आला तर क्रॉप करायचा. कारण बाकी सगळं पैशानं विकत मिळतं. मार्गिका आपल्या गाडीखालून काढून द्यावी लागते, तिथं घोडं पेंड खातं.

अपयशाचे दाखले तोंडपाठ ठेवा. पुण्यानं २००६ साली हडपसर-स्वारगेट-कात्रज अशी वेगळ्या मार्गिकेची बस सुरू केली, त्याचं काय झालं ते प्रत्येक पुणेकर मेव्हणा सांगेल. भोपाळनं २०२४ मध्ये मार्गिकेचे कठडे उखडायला घेतले. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये त्यावर बुलडोझर फिरला. आखणीत चुका होत्या, नाही म्हणत नाही. पण तिथल्या गाडीवाल्यांचा मुख्य राग कशाचा होता ठाऊक आहे? आम्ही सिग्नलला अडकून पडतो आणि शेजारून बस पुढे निघून जाते! अहो, ज्यासाठी केलं तेच होत होतं. अहमदाबादचं नाव तेवढं काढू नका. तिथं २००९ पासून जनमार्ग ही अशीच वेगळ्या मार्गिकेची बस चालू आहे, उगाच चर्चेचा विचका होतो.

सकाळच्या गर्दीत पाचशेचीच नोट द्या. क्यूआर कोड चालतो का, हे ती सुट्टी होऊन हातात पडल्यावर विचारा.

थांब्यापर्यंत चालत जाऊ नका, हात करा, थांबते.

जलद बस सुरू झालीच, तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी फक्त एक थांबा मागा. फक्त एक. जलद म्हणजे शेवटी काय, तर कमी थांबे, त्यात आपला एक वाढला म्हणून काय बिघडतं? अशोक स्तंभाला थांबते तर जुन्या गंगापूर नाक्याला का नाही? विद्या विकासला थांबते तर आमच्या जेहानवाल्यांनी काय घोडं मारलंय? निवेदन द्या, फोटो काढा, पेपरात छापून आणा. वर्षभरात जलद बस अशी होईल की सायकलवाला तिला बेल वाजवून बाजूला करेल. मग आपणच म्हणायचं, जलद कसली, नुसतं नाव.

आता मुख्य सूचना. ही एक जरी मनापासून पाळलीत तरी बाकीच्यांची गरज नाही.

गाडी कुठे लावावी असा प्रश्न पडला की बसथांबा शोधा. इतकी सोयीची जागा शहरात दुसरी नाही. समोर दुकानाचं शटर नसतं, म्हणजे कुणी ओरडायला येत नाही. लोक उभे असतात, म्हणजे गाडीवर लक्षही राहतं. आणि गाडी थांब्याच्या बरोबर मध्ये लावा. बस बारा मीटरची असते. तिला फुटपाथला चिकटून उभं राहायचं तर पुढे-मागे बरीच मोकळी जागा लागते, नाहीतर नाक आत येतं आणि शेपटी रस्त्यात राहते. म्हणजे थांबा बंद पाडायला दहा गाड्या लागत नाहीत. तुमची एक पुरते. उतरताना चारी ब्लिंकर लावायला विसरू नका. ब्लिंकर लावले की पार्किंगचं पाप लागत नाही, असं कुठल्याशा पुराणात असावं.

परवा संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका थांब्यावर मी उभी होते. समोर पांढरी उंच गाडी, ब्लिंकर टिकटिक करतायत, आत कुणी नाही. बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, थोडं आत घ्यायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून रस्त्याच्या मधोमध उभी केली. आम्ही सगळे त्या गाडीला वळसा घालून रस्त्यात. आतून एक आजी उतरत होत्या, हातात दळणाचा डबा. फुटपाथवरून बसची खालची पायरी बेताची असते हो, पण डांबरावर उतरायचं तर ती गुडघ्याएवढी होते. आजींनी एका हातानं दांडा धरला, पाय खाली सोडला, तो जमिनीला लागेना. तेवढ्यात बस आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून एक स्कूटर घुसली. अर्थातच घुसली, फट दिसली की घुसायचंच. आरसा डब्याला लागला, झाकण उडालं आणि ज्वारीचं पीठ बसच्या पायरीपासून गाडीच्या टायरपर्यंत पसरलं. आजी दांड्याला लटकलेल्या. कॉलेजातल्या एका मुलीनं त्यांना कमरेला धरून खाली घेतलं. लागलं नाही, देवाची कृपा. पण त्यांचा हात थरथरत होता आणि त्या पिठाकडे बघत म्हणत होत्या, "पाच किलो होतं गं."

मागे हॉर्न सुरू झाले. सगळ्यांना घाई. बस गेली. मी ती सोडली, मला त्या गाडीचा मालक बघायचा होता.

आला. हातात केकचा खोका, कानाला फोन. मी म्हटलं, "भाऊ, हा बसथांबा आहे." तर म्हणतो, "दोनच मिनिटं लावली काकू." मग खाली पीठ बघून, बूट जपत दार उघडून, वर मलाच सांगतो, "या बसवाल्यांना शिस्तच नाही बघा, रस्त्यात मधेच थांबवतात!"

दोन मिनिटं. बसमध्ये पन्नास माणसं होती. पन्नास माणसांची दोन-दोन मिनिटं, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ एका केकपायी गेला, आणि तो फक्त एका थांब्यावर. पुढच्या थांब्यावर दुसरा दोन मिनिटंवाला, त्याच्या पुढे पाणीपुरीची गाडी, त्याच्या पुढे तीन रिक्षा एकीला एक लागून, "नाशिकरोड, नाशिकरोड" करत. पुढे काय होतं तेही ऐका. बस उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. जास्त माणसं चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती आणखी उशिरा होते. तिच्या मागची बस जवळजवळ रिकामी असते, ती थांबे झटपट उरकते आणि पुढचीला येऊन गाठते. आपण थांब्यावर चिडून म्हणतो, तासभर एक नाही आणि आल्या तर दोन एकदम! आणि नियोजन करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नियोजनातही घोळ असतील. पण हे दोघीतलं अंतर कुणी बिघडवलं? टेबलावर बसलेल्या माणसानं? की ब्लिंकर लावून केक आणायला गेलेल्यानं?

असो. सूचनांकडे वळू. रागावून लिहिलं की लेख बिघडतो म्हणतात.

रस्ता रुंद करा अशी मागणी लावून धरा. रुंद झाला की वाढलेल्या भागात पार्किंग करा. पुन्हा मागणी करा.

वेगळी मार्गिका मिळालीच तर ती दुचाकीसाठी आहे असं समजा. आपल्याकडे दुचाकी ही पाण्यासारखी असते, तिला वाट दाखवावी लागत नाही. आणि मार्गिकेचं काम सुरू झालं तर काळजी नको, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड किती रखडला होता ते तुम्हाला आठवत असेलच.

आणि शेवटचा रामबाण उपाय, सिंहस्थाकडे बोट दाखवा. २०२७ आहेच, सगळं होईल, निधी येतोय. हे वाक्य मी २०१५ च्या आधीही ऐकलं होतं. पण २०१५ ला काय झालं ते आठवा बरं. पर्वणीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर अडवल्या, तिथं मोठमोठे वाहनतळ केले आणि लोकांना एसटीच्या बसमधून आत आणलं. पुढे घाटापर्यंत पायी. लाखो माणसं आली, न्हाली, परत गेली. कशाच्या जोरावर? बसच्या! खांब नव्हते, निओ नव्हती, काचेची स्टेशनं नव्हती. साधी लाल बस आणि तिच्यापुढे मोकळा रस्ता. म्हणजे जमतं. जगातल्या सगळ्यात अवघड गर्दीत या गावाला बस चालवता येते. फक्त एकच अट असते, त्या दिवशी तुमची गाडी मध्ये नसावी लागते.

मग मला सांगा, जे बारा वर्षांतून एकदा साधूंसाठी जमतं, ते एका बसथांब्याच्या लांबीपुरतं, रोज, सातपूर-अंबडच्या शिफ्टला जाणाऱ्या कामगारासाठी का जमत नाही? शाळेच्या पोरांसाठी का नाही? त्या आजींसाठी का नाही? तुम्हाला कळत नाही असं नाही. बसथांब्याजवळ गाडी उभी करायला कायद्यानं मनाई आहे, हे लायसन्स काढताना तुम्ही वाचलंय, परीक्षेत खूण करून पासही झालायत. मुंबईला गेलात की बेस्टच्या रांगेचं कौतुक करता, सिंगापूरला जाऊन आलात की महिनाभर तिथल्या शिस्तीवर बोलता आणि ओझरच्या विमानतळावर उतरून घरी येता येता पहिला थांबा अडवता. लाज कशी वाटत नाही?

महापालिका चुकते तिथं चुकते, तिला मी वेगळी धरीन, सोडणार नाही. थांब्याला छत नाही, बाक मोडलाय, वेळापत्रकाचा पत्ता नाही, हे सगळं खरं आहे. पण थांब्यावरची ती गाडी आयुक्तांनी लावलेली नव्हती. आणि केक घ्यायचाच होता तर पन्नास पावलं पुढे लावून चालत यायला काय झालं होतं? धडधाकट माणूस! पंच्याहत्तरीतल्या बाईनं पिठाचा डबा घेऊन रस्त्यात उडी मारायची आणि तुम्ही पन्नास पावलं चालायची नाहीत?

तर आता माझं ठरलंय. थांब्यावर गाडी दिसली की मी फोटो काढणार, नंबर प्लेट नीट येईल असा, मागे थांब्याची पाटी दिसेल असा, आणि वाहतूक पोलिसांना पाठवणार. चलन घरी आलं की दोन मिनिटांचा हिशेब त्यांना सांगा. मला काकू म्हणून काही उपयोग नाही.