स्टिकर बदलला म्हणून मीटर खरं बोलत नाही

आज सकाळी रेडिएशन मोजायचा सर्व्हे मीटर हातात घेतला आणि डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा खरा दाखवतो का त्या लॅबमधल्या तपासणीची, मुदत संपलेला मीटर, आणि त्याच्यावर नवाकोरा स्टिकर! पुढच्या वर्षीची तारीख! मीटर लॅबला गेला कधी, आला कधी? सर्टिफिकेट कुठंय? खरेदीतला पोरगा मान वर न करता म्हणतो, "साहेबांनी सांगितलं ओ, आत्ता तारीख टाकून ठेव, सीझन लागला की पाठवू."

नखानं कोपरा उचलला. खाली लॅबचा जुना स्टिकर तसाच, सहीसकट. वरचा आमच्याच प्रिंटरवर काढलेला, कात्रीनं वाकडा कापलेला, सेलोटेपनं चिकटवलेला. सिरियल नंबरातला शेवटचा आकडासुद्धा चुकलाय. हे लावायला ज्याला पाच मिनिटं मिळाली, त्याला दोन महिने माझी एक फाइल पुढं सरकवायला वेळ मिळाला नाही. तीन कोटेशनं आणा, मग जीएसटीचा नंबर बसत नाही, मग अकाउंटवाला लग्नाला गेलाय. जूनमध्ये लेखी दिलं होतं मी. जूनमध्ये!

साहेबांकडं गेलो तर म्हणतात, "चालू आहे की मीटर. बटण दाबलं की लागतोय, आवाज देतोय. अजून काय पाहिजे?"

अहो, काटा चालू आहे म्हणून वजन खरं असतं का? आपल्या सोलापूर जिल्ह्यात हे सांगावं लागावं? कारखान्याच्या काट्यावर भरवसा नाही म्हणून आधी बाहेर वजन करून येणारे शेतकरी आहेत इथं. उसाच्या दहा-वीस किलोसाठी भांडणारी माणसं आपण, आणि पोरांच्या अंगावर किती रेडिएशन पडतंय ते मोजणाऱ्या मीटरला मात्र "चालू आहे की".

गाळपाआधी बॉयलरच्या ट्यूब बदलल्या की वेल्डचे एक्स-रे काढायला सगळ्यांना आम्हीच आठवतो. तेही रात्री, तेही एकाच आठवड्यात, कारण अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरलेला आणि चेअरमन येणार. दोर बांधून बोर्ड लावले तरी त्याखालून वाकून जाणारे महाभाग वेगळेच. त्या अंधारात आमचा पोरगा हँडल फिरवून इरिडियमचा सोर्स, म्हणजे रेडिएशन सोडणारी बारीक गोळी, कॅमेऱ्यात, म्हणजे रेडिएशन अडवणाऱ्या पेटीत परत घेतो. तो खरंच आत आला की बाहेरच्या नळीत, गाइड ट्यूबमध्ये अडकला, हे डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. पोरगा मीटर पुढं धरून कॅमेऱ्याकडं चालत जातो. आकडा उतरला की त्याचा जीव भांड्यात पडतो. तो आकडा खोटा असला तर?

1999 साली पेरूत यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर असाच इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्यातून सुटून पडला. एका वेल्डरनं तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला, घरी नेला. पाय गेला त्याचा. चेर्नोबिलच्या रात्री, 1986 साली, ताशी 3.6 रोंटजेन (रेडिएशनचं माप) एवढाच आकडा वरपर्यंत कळवला गेला, कारण हाताशी असलेल्या मीटरची पट्टीच तिथं संपत होती. आणि साधा जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबचा मीटर फार जोरदार रेडिएशनमध्ये गुदमरून उलटा शून्याकडंही येऊ शकतो. दर वर्षी ट्रेनिंगमध्ये हे मी घसा फोडून सांगतो. साहेब पहिल्या रांगेत बसून मोबाइल बघतात.

मी आयुष्यातली आठ वर्षं अणुवीज केंद्रात काढली. मीटर तिथं शेकड्यानं, तरी सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात कधी येऊ द्यायचे नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे काढायचे, तेवढे राखीव मीटर कपाटात तयार. शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी रिअॅक्टर बंद, कधी आहे हे आधी कळतं, तेव्हा रिअॅक्टर इमारतीत माणसांची रीघ लागते आणि प्रत्येक सेक्शनला मीटर हवा असतो, म्हणून त्यात ज्यांची मुदत संपणार ते आधीच उरकून घ्यायचे. कॅलिब्रेशनला सीझियमच्या सोर्ससमोर ठरल्या अंतरावर मीटर ठेवला की स्क्रूला हात लावायच्या आधी तो आहे तसा काय दाखवतो ते लिहायचं. ते भलतंच निघालं तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या मीटरनं घेतलेला एकूण एक आकडा परत तपासायचा. जीव नकोसा व्हायचा त्या कामानं. पण करायचो.

आणि इथं? आमच्याकडं मीटर किती? चार! चार मीटरचं वेळापत्रक जमत नाही? गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होणार हे शेंबड्या पोराला माहीत आहे. गड्ड्याची यात्रा जानेवारीत असते हे कुणाला आठवण करून द्यावी लागते का? काही दिवसांआड येणाऱ्या नळाचा हिशेब घराघरात तोंडपाठ, रात्री दोनला पाणी आलं तरी माणसं उठून बसतात. मग चार मीटर मे महिन्यात दोन-दोन करून पाठवायला काय धाड भरते?

गेल्या वर्षी एका मीटरचे सेल काढून ऑफिसातल्या घड्याळात घातले होते. घड्याळातले जुने सेल मीटरमध्ये घातले ते तिथंच फुटले, स्प्रिंगवर हिरवी बुरशी चढलेली, ती मी घरच्या टूथब्रशनं घासून काढली. माणसाला किती रेडिएशन लागलं ते नोंदवणारा टीएलडी बॅज अंगावर असायला पाहिजे तो जीपच्या डॅशबोर्डवर उन्हात तापतोय. तिमाही संपून महिना झाला तरी बॅज तपासणीला पाठवलेले नाहीत. विचारलं की एकच उत्तर, "काय होत नाही ओ, इतकी वर्षं झाली."

काय होत नाही हे ठरवायला हातात एकच वस्तू आहे, तिच्यावर तुम्ही खोटा कागद चिकटवता!

खोटा स्टिकर सोलून वहीत चिकटवलाय. शेजारी तारीख, वेळ आणि माझी सही. सोर्स पिटमध्ये, म्हणजे तो ठेवायच्या खड्ड्यात, कुलूपबंद आहे, चावी माझ्याकडं. उद्या रात्री कारखान्यावरचं काम होणार नाही, हे तिथल्या चीफ इंजिनिअरला मीच फोन करून सांगितलं. तो ओरडला, ओरडू दे. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं चारही मीटर मी स्वतः मुंबईला घेऊन चाललोय. तिकिटाचे पैसे खिशातून भरलेत, बिल साहेबांच्या टेबलावर ठेवलंय.