बंदी नको, पाळी लावा

झुडपी जंगल, म्हणजे विदर्भातलं खुरट्या झुडपांचं चराईचं रान, हे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आणि आमच्या वर्ध्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, आता तरी ढोरं बंद करा. दुसरा विचारतो, बंद करून नेऊ कुठं, तुझ्या अंगणात?

मी राहतो इंग्लंडात, साउथॅम्प्टनला. जवळच्या न्यू फॉरेस्टमध्ये गावकऱ्यांच्या गाई-घोड्या आजही हक्कानं चरतात आणि ओकची जुनी झाडंही उभी आहेत. हे सुखासुखी झालेलं नाही. जहाजांना लाकूड हवं म्हणून १६९८ च्या कायद्यानं जंगलाचे तुकडे कुंपणात घेतले. रोपं जनावराच्या तोंडाच्या वर गेली की तो तुकडा खुला करायचा, दुसरा बंद करायचा. पुढे सरकारची हाव वाढली, चराईची जागा आटू लागली, लोक भांडले, तेव्हा १८७७ च्या कायद्यानं नव्या कुंपणांना लगाम घातला. कुंपणाबाहेर ओक वाढला तो बराचसा हॉलीच्या काटेरी झुडपांच्या आडोशानं.

आपल्याकडे हे काम बोरीची जाळी करते. वाकून आत पाहा, कडुनिंबाचं सरळ रोप सापडेल. बाहेर मात्र ढोरं सहसा तोंड लावत नाहीत तो पळस माजलेला, आणि शेळीनं दरवर्षी खुडलेलं बोराचं पोर मुळाशी अंगठ्याएवढं जाड, उंचीला गुडघ्याच्या खाली.

खरी अडचण पावसाळ्याची आहे. शेतात कपाशी-सोयाबीन उभं, म्हणून गायकी, म्हणजे गावची ढोरं राखणारा, सगळा कळप झुडपीत हाकतो. मोहाची टोळी, म्हणजे त्याचं बी, पडून रुजते तीही नेमकी तेव्हाच. न्यू फॉरेस्टचं सगळं आपल्याकडे चालणार नाही, हे उघड आहे. इंग्लंडात कुरणाला वर्षभर पाऊस आणि चारणाऱ्याला सरकारी पैसा मिळतो. आपल्या गायक्याला यातलं काय मिळतं?

पण पाळी लावायला पैसा फारसा लागत नाही. झुडपीचा एक तुकडा काही वर्षं बंद, बाकीचे खुले. रोप शेळीच्या तोंडाच्या वर गेलं की पुढचा तुकडा. कोणता आणि कधी, हे ग्रामसभेनं गायक्याला विचारून ठरवावं, कारण कुठली वाट कधी चरली हे त्यालाच ठाऊक असतं. वन खात्यानं कुंपण घालून किल्ली खिशात ठेवली, तर ते पहिल्याच उन्हाळ्यात तुटेल, आणि तोडणाऱ्याला मी दोष देणार नाही.