"पहिली चार, शेवटची चार" हा सल्ला आता मोडीत काढा

क्रिप्टो पाठवण्याआधी समोरच्याच्या वॉलेटच्या लांबलचक पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवली की काम झालं, असं आजही प्रत्येक ग्रुपवर छातीठोकपणे सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण चोरांनी या सल्ल्यावर केव्हाच तोड काढली आहे.

त्यांचं हत्यार म्हणजे क्लिपर, कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारा अगदी लहानसा प्रोग्राम. तो स्क्रीन लॉक करत नाही, खंडणी मागत नाही, मशीन हळूही करत नाही. क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता जिथे राहतो तिथे, काही नवीन आलं की विंडोज ते कुठल्याही प्रोग्रामला कळवतं, आणि त्यासाठी अ‍ॅडमिनची परवानगीसुद्धा लागत नाही. क्लिपर फक्त बघत बसतो की कॉपी झालेला मजकूर वॉलेटच्या पत्त्याच्या साच्यात बसतोय का. १, ३ किंवा बीसी-वनने सुरू झाला तर बिटकॉइन. झिरो-एक्स आणि पुढे ४० अक्षरं म्हणजे इथेरियम. टीने सुरू होणारी ३४ अक्षरं म्हणजे ट्रॉन. साचा जुळला की तुमचा पत्ता काढून तिथे चोराचा ठेवतो. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही यांच्या मध्ये सगळं उरकतं.

"पण पत्त्यात चेकसम, म्हणजे चूक ओळखणारी सोय, असते ना?" असते. एखादं अक्षर चुकलं तर ती पकडते. चोराचा पत्ता मात्र नियमात बसणारा, खराखुरा पत्ता असतो. वॉलेटने तो नाकारायचं कारणच काय?

हे प्रकरण जुनं आहे. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०१७ मध्ये क्रिप्टोशफलर नावाचा क्लिपर उघड केला, तेव्हा त्याच्या वॉलेटमध्ये सुमारे २३ बिटकॉइन जमले होते. २०१८ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पॅकेज साठ्यात कलरामा या लोकप्रिय पॅकेजच्या स्पेलिंगमध्ये एक यू जादा घातलेलं बनावट पॅकेज सापडलं. त्याच्या पोटातही क्लिपरच होता. २०१९ मध्ये गूगल प्लेवर मेटामास्क या वॉलेटचं सोंग घेतलेलं अ‍ॅप निघालं. पण तेव्हाचे बरेचसे क्लिपर ढोबळ होते. त्यांच्याकडे मोजके पत्ते असायचे आणि बदललेला पत्ता नजर टाकली तरी वेगळा दिसायचा. "पहिली चार, शेवटची चार" हा सल्ला त्या काळात पुरायचा.

आता गणित बघा. इथेरियमच्या पत्त्यात प्रत्येक जागी १६ शक्यता असतात. झिरो-एक्सनंतरची चार आणि शेवटची चार अशी आठ अक्षरं जुळणारा पत्ता हवा असेल, तर सरासरी ४२९ कोटी पत्ते तयार करून बघावे लागतात. आकडा ऐकून दडपायला होतं, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही मिनिटांचं काम आहे. २०२२ मध्ये दिसलेला लाप्लास नावाचा क्लिपर नेमकं हेच करायचा. कॉपी केलेला पत्ता सर्व्हरला कळवायचा आणि तिकडून त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता आणून चिकटवायचा.

याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे अ‍ॅड्रेस पॉयझनिंग. तिला मालवेअरसुद्धा लागत नाही. तुम्ही ज्याला नेहमी पैसे पाठवता त्याच्यासारखा दिसणारा पत्ता बनवायचा, त्यावरून तुमच्याशी एखादा शून्य रकमेचा व्यवहार घडवायचा आणि तुमच्या हिस्ट्रीत जाऊन बसायचं. मे २०२४ मध्ये एका बड्या खातेदाराने आधी छोटी रक्कम पाठवून चाचणी घेतली, ती योग्य जागी पोचली, आणि मग मोठ्या व्यवहारासाठी पत्ता हिस्ट्रीतून कॉपी केला. ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप), म्हणजे सुमारे ६.८ कोटी डॉलर, भलत्याच पत्त्यावर गेले. सुरुवातीची चार अक्षरं जुळत होती आणि शेवटची सहासुद्धा. त्या चोराने पुढे बहुतेक रक्कम परत केली. दर वेळी असा चोर भेटेल या भरवशावर राहू नका.

माझा खरा राग वॉलेट बनवणाऱ्यांवर आहे. झिरो-एक्स, चार अक्षरं, तीन टिंबं, चार अक्षरं असा पत्ता आखडून दाखवायचा, म्हणजे चोराला जो भाग जुळवणं परवडत नाही तोच आपल्या हातांनी झाकायचा! डिझाइन सुटसुटीत दिसतं हे कबूल. पण पैसे पाठवण्याच्या शेवटच्या स्क्रीनवर तरी पूर्ण पत्ता, चार-चार अक्षरांच्या गटात दिसलाच पाहिजे.

तोवर तपासणी आपल्याच गळ्यात आहे. टोकांसोबत मधले दोन-तीन गट ताडून बघा, आणि दर वेळी वेगळे निवडा. रक्कम मोठी असेल तर अख्खा पत्ता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताडून बघायचं ते मूळ जागेशी, म्हणजे समोरच्याने तुमच्या फोनवर पाठवलेल्या मेसेजशी. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली जपणारं वेगळं छोटं डिव्हाइस, वापरणारेही इथेच फसतात. डिव्हाइसच्या छोट्या पडद्यावरचा पत्ता ते लॅपटॉपच्या पडद्याशी जुळवतात, आणि तो जुळतोच, कारण लॅपटॉपवर आधीच बदललेला पत्ता आहे. डिव्हाइसने काहीच खोटं दाखवलेलं नसतं.

पैसे घेणाऱ्याचं मशीन बाधित असलं तर आणखी पंचाईत. तुम्ही स्वतःचा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅप वेबवर टाकला, तो तिथेच बदलला. देणाऱ्याने अक्षर न् अक्षर तपासून पाठवलं तरी पैसे चोराला मिळतात, आणि वर तुमचं दोघांचं वाजतं ते वेगळंच. त्यामुळे पाठवलेला मेसेज स्वतः परत वाचा. एक्स्चेंजच्या व्हाइटलिस्टचं, म्हणजे मंजूर पत्त्यांच्या यादीचंही तसंच. पत्ता तिथे पेस्ट करूनच भरला जातो, आणि चुकीचा भरला तर चोराचा पत्ता कायमचा "विश्वासू" होऊन बसतो. छोट्या रकमेची चाचणी जरूर घ्या, पण समोरच्याने "मिळाले" म्हटल्यावर तोच सेव्ह केलेला पत्ता वापरा. पुन्हा कॉपी केलात तर चाचणीचा उपयोग शून्य.

कॅमेऱ्याने क्यूआर स्कॅन केला तर क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही, हे चांगलं. फक्त तो क्यूआर वॉलेट अ‍ॅपनेच बनवलेला हवा. २०१९ मध्ये झेनगो या वॉलेट कंपनीने गूगलवर बिटकॉइन क्यूआर बनवणाऱ्या साइट शोधल्या, तर पहिल्या पाचांतल्या चार फसव्या निघाल्या.

मशीनवर संशय असेल तर नोटपॅड उघडा आणि खरा पत्ता कॉपी-पेस्ट करा. मनाने टाइप केलेली अक्षरं चालत नाहीत, साच्यात बसणारा पत्ताच हवा. बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन तिन्हींचे करून बघा. क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू असेल तर विंडोज की आणि व्ही दाबा. एकदाच कॉपी केलंत आणि यादीत एकाखाली एक दोन पत्ते आहेत? मग चोर घरात आहे. काही क्लिपर अधूनमधूनच जागे होतात, त्यामुळे चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका.

हे येतं कुठून? बहुतेक वेळा क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधून. असेंबल्ड पीसीसोबत "विंडोज टाकून" मिळतं, आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरची पहिली सूचना असते की आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करा. २०२३ मध्ये कॅस्परस्कीला टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरच्या बनावट इन्स्टॉलरमध्ये क्लिपर सापडला, तो पासवर्ड लावलेल्या रार फाइलमध्ये दडवलेला होता, म्हणजे अँटिव्हायरसला आत डोकावताच येऊ नये. फोनवर धोका कमी आहे, कारण अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. कीबोर्ड अ‍ॅप मात्र याला अपवाद, तेव्हा कुठलाही रंगीबेरंगी कीबोर्ड टाकू नका.

पैसे गेलेच तर मिनिटं मोजा. बिटकॉइनचा व्यवहार कन्फर्म झाला नसेल तर जास्त फी देऊन तो स्वतःच्याच पत्त्यावर वळवता येतो. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटमध्ये त्यासाठी कॅन्सलचा पर्याय आहे. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉक, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गट, येतो, तिथे आशा फारशी नाही. यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) असेल तर ते काढणारी टेदर कंपनी पत्ता गोठवू शकते, म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइम पोर्टलवर लगेच तक्रार करा, ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि दोन्ही पत्ते पूर्ण देऊन.

नुसत्या स्कॅनवर भागवू नका. क्लिपरसोबत पासवर्ड आणि सीड (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) चोरणारा जोडीदार आलेला असू शकतो. स्वच्छ मशीनवर नवं सीड तयार करा, उरलेले पैसे तिकडे हलवा आणि मग जुन्या मशीनवर विंडोज फॉरमॅट मारून नव्याने टाका. बॅकअपमध्ये फोटो आणि डॉक्युमेंट ठेवा. सेटअप फाइलींचा तो जुना फोल्डर परत आणू नका.