निवृत्तीचे पैसे मॉलमध्ये घाला

निवृत्त झालात, अभिनंदन. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे मिळून खात्यात एवढे पैसे आलेत की पासबुक दोनदा पाहिलंत, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलंत. आता बँकेतली गोड बोलणारी मुलगी येईल, विमा विकणारा भाचा येईल, 'पोस्टात ठेवा, डोक्याला ताप नाही' म्हणणारे शेजारी येतील. कोणाचंही ऐकू नका. डोक्याला ताप नसेल तर साठीनंतर माणसाने दिवसभर करायचं काय? म्हातारपणी काहीतरी काळजी हवी, चार लोकांशी भांडण हवं, वकिलाची ओळख हवी. हे सगळं एका सहीत मिळवून देणारी एकच गुंतवणूक मला माहीत आहे. मॉलमधला गाळा.

मॉल निवडताना एक पथ्य पाळा. ज्या मॉलचा मालक एकच असतो आणि जो गाळे नुसते भाड्याने देतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर उभा आहे तो, किंवा मालाडचा इनऑर्बिट, असल्या ठिकाणी तुम्हाला कोणी गाळा विकणारच नाही. असला मालक फार संशयी. बुटांच्या दुकानाशेजारी कोण हवं, तळमजल्यावर अत्तरं की घड्याळं, खाण्याची दुकानं सगळ्यात वर का, कोणाचं चालेना म्हणून त्याला कधी उठवायचं, हे सगळं तोच ठरवणार. वर भाड्याखेरीज विक्रीतला हिस्साही मागणार. म्हणजे दुकान चाललं नाही तर दुकानदाराइतकीच झोप त्याचीही उडते. असल्या हुकूमशहाच्या राज्यात तुमच्या-माझ्यासारख्याला कोण विचारतो?

आपल्याला लोकशाही हवी. बिल्डरने मजल्याचे दीडशे तुकडे पाडावेत, एकेक तुकडा एकेकाला विकावा आणि शेवटचा चेक वटला की पुढच्या प्लॉटवर नारळ फोडायला निघून जावं. मग इथे तुम्ही राजे. शेजारचा गाळा डॉक्टरांचा, त्यापलीकडचा मस्कतला असणाऱ्या कुणाचा तरी, समोरचा दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यात. ज्याने त्याने आपल्या मर्जीने भाडेकरू आणावा. आमच्या दुसऱ्या मजल्यावर मोबाइलची कव्हरं विकणारे सहा होते. ओळीने. सातव्या गाळ्यात सोनेतारण कर्ज, आठव्यात पत्रिका पाहून मिळेल. कपडे घ्यायला आलेल्या बाईला कपडे सोडून सगळं मिळायचं. चाळच ती, फक्त मधोमध सरकता जिना.

हो, माझाही आहे गाळा. म्हणून तर अधिकाराने सांगतोय. ठाण्याच्या पुढे आहे, मॉलचं नाव विचारू नका. पाटीवरची निम्मी अक्षरं पडल्यामुळे आता ते आम्हालाही नीट लावता येत नाही.

माहितीपत्रक मात्र जपून ठेवा, गुळगुळीत कागदाचं असतं. त्यात एक गोरी बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन हसत असते. ती बाई मॉलमध्ये कधीच आली नाही. दोनशे ऐंशी फूट सुपर बिल्टअप असं छापलेलं असलं की आत एकशे चाळीस भरतं. उरलेलं एकशे चाळीस कुठे गेलं, असं बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका, अडाणी दिसाल. ते जिन्यात आहे, लिफ्टमध्ये आहे, कारंज्यात आहे. मी आमच्या सौभाग्यवतींना मुद्दाम कारंजं दाखवायला नेलं होतं. म्हटलं, ह्यातलं थोडं पाणी आपलं. ती म्हणाली, थोडं म्हणजे किती? पुढच्या पावसाळ्यात छत गळून गाळ्यात पाणी आलं, तेव्हा तिला आकडा कळला.

मग अँकर. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की मोठ्या दुकानाने तीन मजले घेतले आहेत, त्याच्यामागे गिऱ्हाईक येईल आणि तुमच्याकडे सांडेल. अँकर म्हणजे नांगर. नांगराचं कामच मुळी बुडणं हे असतं, हे कोकणातल्या माणसाला तरी सांगायला नको होतं. 26 जानेवारीच्या स्वस्ताईला ज्या बिग बझारच्या दारात तांदूळ, बादल्या आणि चादरींसाठी चेंगराचेंगरी व्हायची, त्या बिग बझारच्या मूळ कंपनीने ऑगस्ट 2020 मध्ये आपला पसारा रिलायन्सला 24,713 कोटींना विकायचं ठरवलं. अ‍ॅमेझॉन आडवी आली, कोर्टकज्जे झाले. 2022 च्या फेब्रुवारीत रिलायन्सने दुकानांच्या जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये तो सौदाच मोडला आणि जुलैत कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. दोन दिग्गज भांडत असताना खाली दुसऱ्या मजल्यावर कव्हरवाले सहाजण सांडणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे होते. दुकान बंद पडायला तोटा तरी व्हावा लागतो. आपल्याला तर दिल्लीच्या कोर्टातली आणि सिंगापूरच्या लवादापुढची भांडणंही पुरतात. डी-मार्टवाले बघा, शक्यतो जागाच विकत घेतात आणि साधी पाटी लावून डाळ-साबण विकतात. कारंजं नाही, काही नाही. त्यांना हौसच नाही.

मॉल बुडाले वगैरे ऐकून कचरू नका. मोठ्या दुकानाने बुडावं ही मुंबईची जुनी परंपरा आहे आणि त्यात सामील होणं हा मान. फोर्टात साहेबाचं व्हाइटवे लेडलॉ होतं. उधारी बिलकुल नाही, म्हणून लोक त्याला 'राइटअवे अँड पेडफॉर' म्हणत. साहेब गेला आणि त्या इमारतीत खादी भांडार आलं. परदेशी कापडाचा याहून सभ्य सूड कोणी घेतला नसेल. 1897 पासूनचं अकबरअलीज गेलं. आमच्या आईने तिथून एकदा थर्मास आणला होता आणि पुढली वीस वर्षं ती तो 'अकबरअलीचा' म्हणून पाहुण्यांना दाखवायची. मॉलमधून आणलेली कुठली वस्तू कोणी अशी मॉलच्या नावाने दाखवतं का?

आणि 1999 चं हाजी अलीजवळचं क्रॉसरोड्स. देशातल्या पहिल्या मॉलांपैकी. गर्दी इतकी लोटली की दारात अट घातली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपयांचं तिकीट काढा. लोक सरकत्या जिन्यावर चढायला, काचेला नाक लावायला आणि गार हवा खायला आले होते. खरेदीला आले असते तर अट कशाला लागली असती? ओरड झाली, अट गेली. पुढे मालक बदलला, नाव सोबो सेंट्रल झालं आणि अखेर प्रकरण बँकेच्या थकबाकीत, दिवाळखोरीत गेलं. आज आमच्या मॉलला साठ रुपये लावायचे तर ते आत येणाऱ्याला द्यावे लागतील.

गिऱ्हाइकाला मात्र नावं ठेवू नका. मे महिन्यात येतं, एसी खातं, स्वच्छतागृह वापरतं, पोराला जिन्यावर चार वेळा वर-खाली नेतं, बुटाचा नंबर पायात घालून पाहतं आणि बाहेर रिक्षात बसून तोच बूट फोनवर मागवतं. त्यात गैर काय? मी स्वतः माझ्याच भाडेकरूकडे कुर्ता अंगाला लावून पाहिला आणि घरी येऊन तोच दीडशे रुपयांनी स्वस्त मागवला. भाडं मात्र पाच तारखेला बरोबर मागितलं. पुढच्या दिवाळीआधी तो गाळा सोडून गेला. माणसं अशी एकाएकी का जातात, कळत नाही.

भाडेकरू गेला की खरी गंमत सुरू होते. मेंटेनन्स चालूच राहतो, कारण कारंजं चालू आहे. मग काहीजण मेंटेनन्स भरणं थांबवतात, कारण त्यांचा गाळा बंद आहे. म्हणून एसी अर्धा वेळ बंद होतो. म्हणून उरलेलं गिऱ्हाईक जातं. म्हणून उरलेले मेंटेनन्स थांबवतात. वीजजोडणी सगळ्यांची मिळून एक, त्यामुळे दीडशे मालकांतल्या साठांनी पैसे दिले नाहीत तरी अंधार सगळ्यांच्या वाट्याला सारखा. यालाच मी मघाशी लोकशाही म्हणालो.

आमची सर्वसाधारण सभा बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर भरते. जागा उत्तम आहे. थिएटरसारख्या पायऱ्या, सगळ्यांना सगळे दिसतात, आणि हात टेकायला काळा रबरी पट्टा. खजिनदार सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे वरून ओरडायला सोयीचं.

मागच्या सभेत एकाने नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीचा अहवाल आणला होता. ज्या मॉलमध्ये 40 टक्क्यांहून जास्त जागा रिकामी, त्याला ते भुताचा मॉल धरतात. आठ बड्या शहरांत 2022 साली असे 57 होते, 2023 मध्ये 64 झाले. मिळून 133 लाख चौरस फूट. चाळीस टक्क्यांचा आकडा ऐकून सभेत हशा पिकला. चाळीस म्हणजे आमच्याकडे गजबज. भूत तरी येतं का, असं वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, मागच्या बाजूला कुत्री येतात.

तळघरात मात्र आता दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीने गोदाम केलंय. मॉलमधली सगळी वर्दळ तिथेच. रंगीत टी-शर्टातली पोरं दुचाक्या आडव्या लावून मोबाइलकडे बघत उभी असतात. त्याला डार्क स्टोअर म्हणतात म्हणे. म्हणोत. डार्क आम्ही त्यांच्या आधीपासून आहोत. माझा तो कुर्ताही असल्याच कुठल्यातरी गोदामातून आला असणार.

वरचा मजला ओस पडला की कोणीतरी सुचवतं, दवाखाना आणू, रुग्णालय आणू. ते ऐकलंत तर सभेतून उठा आणि लेखी विरोध नोंदवा. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये वर कोविडचं रुग्णालय होतं. मार्च 2021 मध्ये रात्री आग लागली आणि आजारी माणसं गेली. इथे मला काही तिरकं लिहिता येत नाही.

बाकी दिवस मजेत जातात. सकाळी गाळेधारकांच्या ग्रुपवर फुलांचे फोटो, दुपारी एकमेकांना नोटिसा, संध्याकाळी पुन्हा दिवा लावलेला गणपती. वकील ओळखीचे झालेत. त्यांच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलो. पालिकेत कुठल्या खिडकीवर व्यावसायिक मालमत्तेचा कर भरायचा हे मला झोपेतून उठवून विचारा. पोस्टात पैसे ठेवणारे आमचे शेजारी तर सकाळी चालून येतात आणि पेपर वाचत बसतात, बिचारे.

परवा तोच बिल्डर पुन्हा आला. मॉल पाडून तीस मजली टॉवर बांधतो म्हणाला, तुमच्या संमतीची सही तेवढी द्या. नवं माहितीपत्रक आणलं होतं, तसाच गुळगुळीत कागद, आणि मी शपथेवर सांगतो, तीच गोरी बाई. खाली 'हाय स्ट्रीट' दुकानं काढणार आहे, जुन्या गाळेधारकांना प्राधान्य. एकशे चाळीसच्या बदल्यात किती, असं विचारलं तर म्हणाला, सुपर बिल्टअप धरून बोलू.

अशी संधी मी एकट्याने अडवून ठेवणं बरं नाही. तुमचे पैसे नुकतेच जमा झालेत, माझं वय झालंय, सौभाग्यवती तर गाळ्याचं नावही काढू देत नाही. दुसरा मजला, गाळा क्रमांक 217, कागदपत्रं स्वच्छ, मेंटेनन्स थोडा मागे आहे तो सौद्यात वळता करू. बघायला यायचं असेल तर दुपारी या, आणि येताना टॉर्च आणा.